कुंड्यांची शेगडी

भूगाव, ५ जानेवारी २०२५

ती. अनुसया आत्यास गौतमीचा सविनय जय भीम. वि. वि. समोर बसलेल्याचं तुला सगळं ऐकू येतं, फोनवर मात्र मी घसा फाडला तरी तू ‘जेवले गं’ एवढंच म्हणतेस. म्हणून हा कागद.

वाडीला निघालेल्या प्रदीपदादाबरोबर खोकं पाठवते आहे. त्यात मी घरी केलेली कुंड्यांची शेगडी आहे. शेजारच्या मेधाताईंनी शिकवली. मातीच्या दोन कुंड्या, एक लहान, एक मोठी, पालथ्या घालून एकीत एक बसवल्या आणि बुडाच्या भोकांतून लांब बोल्ट ओवून नटांनी आवळल्या. आधीची कुंडी ओलसर होती, तापल्यावर तडकली. ही चार दिवस उन्हात वाळवली. वर गेरू लावून पांढरी नक्षी काढली. बाबा म्हणतात नक्षी वाकडी आहे. असू दे.

तीन विटांवर ती ठेव आणि खाली ताटलीत तीन मेणबत्त्या लाव, पण एकमेकींपासून लांब, नाहीतर सगळं मेण एकदम पेटतं. पेटलंच तर पाणी ओतू नकोस. पेटती सोडून जाऊ नकोस, खिडकी उघडी ठेव.

आणि घमेल्यात कोळसे घेऊन दार लावून बसणं बंद कर. त्यातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो. आधी डोकं दुखतं, उलटी होते, मग ग्लानी येते आणि माणूस उठतच नाही. बाबा म्हणतात, ऐकलं नाहीस तर उचलून भूगावला आणू.

तुझ्या शिव्यांचीही वाट बघणारी,
गौतमी


वरची वाडी, ता. मुळशी, १४ जानेवारी

चि. गौतमीस आत्याचा जय भीम नि अनेक आशीर्वाद. खोकं पोचलं.

खरं सांगते, राग मानू नको. खोली काय तापत न्हाई. तीन मेणबत्त्यांची ऊब ती तेवढीच, वर कुंडी घाल न्हाईतर घागर. पण कुंडीभवती हात धरले की आखडलेली बोटं सुटतात. गोधडीला परत टाके घालाया लागले. दिसती बी झ्याक.

आता मुद्द्याचं. शनिवारी सकाळी ती दावाया शेजारच्या बानूबाईकडं गेले. तिची सून उज्वला पाच दिसांची बाळंतीण. त्या घरात मी तीस वर्सं ओसरीवरच बसते. आपली जात त्यांच्या ध्यानात असती, नि बाळंतिणीच्या खोलीत तर मी नकोच. बानूबाई म्हणाली, उज्वलाचं डोकं दुखत व्हतं, दोनदा वकली, आता गाढ झोपलीया, पोरगी बी प्याया उठंना. मी इचारलं, शेक कशाचा देतीस? म्हणाली, खाटंखाली कोळशाची शेगडी हाय, वारं लागू नये म्हणून खिडकीला पोतं लावलंय.

तुझं पत्र वाचून दोनच दिस झालते. कुणाला न इचारता दार ढकलून आत गेले, पोतं ओढलं, शेगडी पदरानं धरून अंगणात टाकली. बानूबाई वरडत मागं आली. म्हणाली, गारठ्यानं माझी नात मारतीस नि वर घर बाटवतीस. मी म्हणाले, शिव्या मागनं दे, आधी पोरीला उचल. तवा कुटं तिनं पोरीकडं नीट बघितलं. तिनं पोरीला, मी उज्वलाला, असं भाईर आणलं. तिच्या ल्योकानं, सिद्धूनं, जीप आणली. पौडच्या दवाखान्यात नळीनं हवा दिली. डॉक्टरीण म्हणाली, आणखी उशीर झाला असता तर कठीण व्हतं. मायलेकी वाचल्या.

माझा डावा हात भाजलाय, थोडाच. बापाला सांगू नको.

तुझी, अजून धड असलेली,
आत्या


भूगाव, २० जानेवारी

ती. आत्यास जय भीम. वि. वि. बाबांना सांगितलंच, रागव हवं तर. ते म्हणाले, ताईला इकडे आणायचं राहू दे, तिची तिथेच गरज आहे.

तुझं म्हणणं खरं निघालं. मी मेधाताईंची शेगडी लावून खोलीत थर्मामीटर ठेवून पाहिलं, दोन तासांत जेमतेम एक अंश. शोभेची वस्तू आहे ती, म्हणून गरम पाण्याची पिशवी आणि भाजल्याचं मलम पाठवते आहे. बानूबाई नंतर काही बोलल्या का?

तुझ्या हाताला फुंकर घालून,
गौतमी


वरची वाडी, ३ फेब्रुवारी

चि. गौतमीस आत्याचे लई आशीर्वाद. मलम लावते, पिशवी गुडघ्याला घेते. हाताचे फोड सुकले.

बानूबाई आली व्हती, बारशाच्या आदल्या दिशी. दवाखान्यामुळं बारसं लांबलं ना. दारातच उभी राहून म्हणाली, पावणे येणार हायेत, तू आतल्या खोलीत आलतीस ते बोलू नको. मला लागलं. पण मी व्हय म्हणाले. पोरगी जिती हाय, मला आणखी काय पायजे.

काल बारशाला गेले. ओसरीवर बसले. पाळण्याजवळनं उज्वला उठली नि भरल्या घरात सगळ्यांना सांगितलं, या आत्या आत आल्या म्हणून आज ह्यो पाळणा हलतोय. पावण्यांतली एक म्हातारी उठून भाईर गेली. बानूबाई खाली बघत व्हती.

थोड्या वेळानं ती दोन कप चहा घेऊन आली, माझ्या शेजारी टेकली नि इचारलं, वाडीत आणखी कुणाच्या घरात बाळंतीण हाय? मी म्हणाले, खालच्या आळीला दोघी. ती म्हणाली, चहा पी, मग आपण दोघी जाऊन कोळशाचं सांगून येऊ.

आमी गेलो.

माया हाय तशीच ठेव.
आत्या