तुलनेसाठी ठेवलेली माणसे

मी, शांता कृष्णा वेळीप, वय बहात्तर, निवृत्त अंगणवाडी शिक्षिका, राहणार अणशीजवळ, तालुका जोयडा, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे की नाही, हे इथे आलेल्या प्रत्येक अर्थतज्ज्ञाने तपासून घेतलेले आहे.

१. माझ्या पश्चात राहते घर मुलगा विनोद याचे. या घराच्या पडवीत विकासाचे सगळे सिद्धान्त चहा पिऊन गेले. सुप्याचे धरण झाले तेव्हाचे साहेब म्हणाले, देश वाढू दे, वाढ झिरपत खाली येईल. आम्ही खालीच बसलो होतो. पुढच्यांनी वाढ सोडून मूलभूत गरजा धरल्या. त्यांच्या नंतरचे म्हणाले, खरे तज्ज्ञ तुम्हीच, आणि अंगणात रांगोळीने आमच्याकडून गावाचा नकाशा काढून घेतला. ते फोटो घेऊन गेले, नकाशा म्हशींनी पुसला.

२. पाहुण्यांची खुर्ची पुढच्या सिद्धान्तासाठी राखून ठेवावी. तिचा एक पाय डुगडुगतो. दुरुस्त करू नये.

३. शहरातून अभ्यासाला येणाऱ्या दीपाली मॅडमना माझ्याकडून काहीही मिळू नये. त्यांची पद्धत सर्वांत नवी. औषधाची परीक्षा घेतात तशी गरिबीवरच्या उपायाची घ्यायची. चिठ्ठी टाकून ओहोळापलीकडच्या घरांना कोंबड्या दिल्या. अलीकडचे आम्ही नुसते तुलनेसाठी. पहिल्या उबवणीतली पिले बहिणीला द्यायची आमची रीत. पलीकडची माझी धाकटी बहीण रुक्मा टोपली घेऊन निघाली, तर मॅडमनी अडवले. ती रिकाम्या हाताने सांगायला आली.

"आक्का, मॅडम म्हणत्यात, तुला दिली तर समदा अभ्यास बिघडतोय. संपला की आणून देते."

"नगं. मला तुलनेतच ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून चार वर्षे आम्ही बोललो नाही. पलीकडच्यांचे समाधान वाढले, असा निष्कर्ष छापून आला. बहिणीबद्दल कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

यंदा मॅडम पुन्हा आल्या. आता त्या नात्यांचे भांडवल मोजतात. अडीअडचणीला कोण धावून येते, असे मलाच विचारले. मी म्हटले, "ते तर तुमीच मोडून गेलासा." त्यांनी ते उत्साहाने लिहून घेतले.

४. कंदांचे शेत रुक्माला. विनोदने तोंड वाकडे करू नये. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. मला तिची फार आठवण येते. आधी तिने बोलावे, ही माझी अट होती. ती मी आजपासून रद्द करते. सकाळी मीच ओहोळ ओलांडून जाणार आहे.

साक्षीदार: शिवानंद गावडा, राखी मिराशी
ठिकाण: जोयडा
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५
सही: शांता कृष्णा वेळीप