उसवून शिवायचं काळीज

ताई,

ऐकलंस तर रडून घर डोक्यावर घेशील, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

माझ्या हृदयात कॅन्सरची गाठ निघाली. फार क्वचित कुणाला होते म्हणे. बघ, आपला थाट! गाठ मागच्या बाजूला आहे, तिथे हात पोचत नाही. म्हणून उद्या सर्जनबाई हृदयच बाहेर काढणार, गाठ कापणार आणि परत जागेवर शिवणार. मला हसूच आलं. बिघडलेली कॉलर अशीच उसवून, दुरुस्त करून पुन्हा लावायला तूच शिकवलंस ना!

मी विचारलं, "धागा पक्का आहे ना?"

बाई म्हणाल्या, "शिंपीदादा, तुम्ही फक्त झोपा."

माझी प्रत्येक शिवण तू ओढून बघतेस. घरी आलो की ही तेवढी ओढू नकोस.

तुझा,
कच्च्या टाक्यांचा भाऊ