मुंबईच्या वेळेची पत्रिका

पनवेल,
फेब्रुवारी १९९६

प्रिय कमळाकर,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण पत्राची रीत आहे म्हणून लिहिलं. फुगून जाऊ नकोस. एकाच गावात राहून पंचवीस वर्षं आपण बोललो नाही. बाजारात मी दिसले की तू कोथिंबिरीच्या जुड्या निरखायला लागतोस, ते मला कळतं. डिसेंबरात मात्र तुझी चिठ्ठी आली. तुझ्या लेकीची, भाविकाची, आणि माझ्या दीपेशची एकनाड आहे, गणित तू स्वतः तपासलं आहेस, तेव्हा लग्नाचा विषय इथेच थांबवावा. आईबापाविना माझ्या पदराखाली वाढलेल्या माझ्या भाच्याला तू तीन ओळींत निकालात काढलंस.

कॉलेजात तू पदार्थविज्ञानाचा आणि मी गणिताची. वडाळे तळ्याच्या काठावर बसून आपण भांडायचो. तू म्हणायचास, गणित ही कागदावरची रांगोळी. समीकरण कितीही देखणं असलं तरी प्रयोगाला उतरलं नाही तर केराच्या टोपलीत. मी म्हणायचे, जगात कुणी त्रिकोण काढलाच नाही तरी त्याच्या कोनांची बेरीज बदलत नाही. नवल हे की जग कागदावरच्या बेरजेचं ऐकतं. वादात बहुतेकदा मीच हरायचे. हरायलाही बरं वाटायचं, कारण तू मला फार आवडायचास. मग तुझ्या आईने माझी पत्रिका दाखवून आणली. बाराव्या घरात मंगळ, नवऱ्याच्या जिवावर येणार! आणि प्रयोगावाचून काही न मानणारा तू, समोर जितीजागती बाई उभी असताना कागदावरच्या घरांना शरण गेलास. "आकडेमोडीत चूक नाही, आशा," एवढंच म्हणालास. त्या दिवसाइतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही.

आकडेमोडीत चूक नव्हतीच. पुढे ती मी स्वतः करायला शिकले. चूक त्याच्या आधीची होती. माझा जन्म मुंबईच्या प्रसूतिगृहातला. एकदा आईला सहज विचारलं, तर म्हणाली, "अगं, आमच्या वॉर्डातलं घड्याळ जुन्या मुंबईच्या वेळेचं. रेडिओ पुढे असायचा आणि ते आपलं मागे." एकोणचाळीस मिनिटं मागे! ज्योतिष्याने तीच वेळ साऱ्या देशाची प्रमाणवेळ समजून पत्रिका मांडली होती. मी नव्याने मांडली, तर मंगळ अकराव्या घरात. तुमच्याच शास्त्राप्रमाणे मी निर्दोष! गणिताने मला फसवलं नाही. अमुक क्षणी आकाशात मंगळ कुठे होता, एवढंच ते सांगतं. नवरा मरेल ही ओळ माणसांनी घुसडली आणि तुझ्यासारख्या शिकलेल्यांनी खपवून घेतली. हे तुला मी केव्हाच सांगू शकले असते. पण उपयोग होईल तेव्हा नव्हे, टोचेल तेव्हा सांगायचं असं ठरवलं होतं.

गेल्या दिवाळीत सूर्यग्रहण झालं, तेव्हा शाळेच्या मैदानावर मी मुलं जमवली होती. छापून आलेल्या वेळेला बरोबर सूर्याची कड खाल्ली गेली. गणित आणि आकाश असं एकमेकांशी इमान राखताना पाहिलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. तुझी भाविका घरातली पिठाची चाळणी घेऊन आली होती. तिच्या भोकाभोकातून जमिनीवर सूर्याच्या इवल्या इवल्या कोरी पडल्या. दीपेशने चाळणी धरायला हात लावला तो काही केल्या सोडेना. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक त्या वेळी दारं-खिडक्या लावून, पाण्यात तुळशीपत्र टाकून बसले होते म्हणे. भाविकानेच सांगितलं आणि पोट धरधरून हसली. मी हसले नाही. हा माणूस आता माझ्या तावडीत आला, एवढंच मनात आलं.

तुझ्या चिठ्ठीला उत्तर द्यायला मी मुद्दाम उशीर केला. नोंदणी कचेरीच्या फलकावर दोघांच्या नावाची नोटीस महिनाभर लागलेली होती. तू रोज त्याच रस्त्याने कॉलेजला जातोस, पण डोळ्यांसमोरचं पाहायची तुला सवय नाही. आज सकाळी भाविका मैत्रिणीकडे पूजा आहे म्हणून निघाली, ती माझ्याकडे आली. साक्षीदारांत दीपेशचा मित्र सुदाम होता, मोऱ्यांचा. कारकुनाने पेन पुढे करताच तो म्हणाला, "आत्या, पयली सही तुमी करा, तुमचा मान हाय." केली. अक्षर सुरेख आलं. हे पत्र त्याच्याच हाती पाठवते आहे, कारण ही बातमी तुला दुसऱ्या कुणी द्यावी, हे मला चालणार नाही. संध्याकाळी जिलबीचं जेवण आहे. तुला बोलावणार नव्हते, पण भाविकाचा जीव तुझ्यात अडकलाय, म्हणून जोडीने या. मुलीकडच्यांनी मुलाकडच्या बाईचे पाय धुवायचे, अशी आपल्यात रीत आहे. मी बाकी कुठलीच रीत मानत नाही, पण ही मानणार आहे. परात आणि तांब्या ओसरीवर काढून ठेवलाय.

तुझीच विहीण,
आशालता