डिकीतला दिवा

२ मार्च, शनिवार
गाडी घरी आली. काळी. लांबलचक. सोळा वर्षांची आहे, पण वाटत नाही. लेदरच्या सीट्स, लाकडी डॅशबोर्ड, मागच्या खिडक्यांना बटण दाबलं की वर येणारे पडदे. (डावा येतो.) विकणारा म्हणाला, "साहेब, अशी गाडी आता बनवत नाहीत." तिथल्या तिथे सौदा पक्का केला. का बनवत नाहीत ते विचारायचं राहिलं.
आमची छोटी पांढरी गाडी विकून ही घेतली. नऊ वर्षांत ती एकदाही बंद पडली नाही. तिला व्यक्तिमत्त्वच नव्हतं.
बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "अहो, ही माझ्या शाळेच्या गल्लीत वळेल का?" वळेल म्हणालो. मोजलेलं नाही.

३ मार्च, रविवार
पुढे गैरसमज नको म्हणून लिहून ठेवतो. गाडी घेण्याचा आणि ऑफिसातल्या प्रमोशनचा काहीही संबंध नाही. खरेदी विभागाचा साहेब म्हणून माझ्याहून अकरा वर्षांनी लहान माणूस नेमला, याचं मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही. मी त्याला मनातल्या मनात चिरंजीव म्हणतो, तेही मायेने.
उद्या गाडी त्याच्या गाडीशेजारी लावायची. अगदी शेजारी.

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
किल्ली फिरवली. "टक्." पुन्हा फिरवली. "टक्."
बायको शाळेत गणित शिकवते, पहिला तास तिचाच. दोन बस बदलून गेली. जाताना काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
ऑफिसात चिरंजीवांनी विचारलं, "नवी गाडी घेतलीत म्हणे?" म्हटलं, पॉलिशला दिलीय.

५ मार्च, मंगळवार
गॅरेजवाला आला. बॉनेट उघडून हाताची घडी घालून उभा राहिला, दुःखाच्या घरी भेटायला आल्यासारखा. बॅटरी बदलायला सांगितली. बदलली. मग म्हणाला, "साहेब, आणखी एक सांगू? विकून टाका." हा माणूस छोट्या गाड्यांच्या पलीकडे गेलेलाच नाही.

९ मार्च, शनिवार
दोन दिवस लोण्यासारखी चालली. परवापासून पुन्हा "टक्". नवी बॅटरी असून. शिवाय पुढचं डावं चाक रात्रीतून खाली बसतं, त्यामुळे सकाळी गाडी एका बाजूला खांदा पाडून उभी असते. डॅशबोर्डवर पाच दिवे पेटतात. त्यातल्या एकाचं चित्र कासवासारखं आहे. मॅन्युअल कुठल्या भाषेत आहे तेच कळत नाही.
संकल्प: यापुढे गॅरेज बंद. सगळं स्वतः करायचं. रोज पहाटे साडेपाचला उठून एक तास गाडीसाठी. आज सात व्हिडिओ पाहिले. एकशे आठ नगांची टूलकिट आणली. त्यातल्या सहा वस्तू मला ओळखता येतात. बाकीच्या कामाच्या ओघात कळतील.

१० मार्च, रविवार
साडेपाचचा गजर मोबाइलने वाजवलाच नाही, असं मला वाटतं. बायकोचं मत वेगळं आहे.
दुपारी सासरे राहायला आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळ्यावर काळा चष्मा. महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. बायकोने हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावलं.
सासऱ्यांनी बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं काढली. पण बस वेगळी आणि लक्झरी सेडान वेगळी. जेवताना त्यांना हा फरक नीट समजावून सांगितला. सस्पेन्शन म्हणजे काय तेही सांगितलं. "असेल, जावईबापू," म्हणाले आणि जेवत राहिले. या वयात नवीन काही डोक्यात शिरत नाही.

१२ मार्च, मंगळवार
गाडी सुरू झाली! (शेजाऱ्यांच्या गाडीला वायरी जोडून.) सासऱ्यांना एक चक्कर मारून आणली. वाटभर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, लेदरच्या सीटवर झोप लागली. उतरताना म्हणाले, "पाणी कुठंतरी गळतंय." म्हटलं, मामा, या गाडीत पाणी नसतं, कूलंट असतं. "मग ते गळतंय," म्हणाले.

१४ मार्च, गुरुवार
उद्यापासून नक्की साडेपाच.
सासरे मात्र वयामुळे पहाटेच जागे होतात आणि खाली फेरफटका मारून येतात. आज परत आले तेव्हा दोन्ही हात काळे. जिन्याचा कठडा किती घाण झालाय! सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र लिहायला घेतलं.

१६ मार्च, शनिवार
यश! कूलंटचा दिवा गेला. परवा संध्याकाळी मी बॉनेट उघडून हाताला लागतील त्या सगळ्या नळ्या एकदा हलवून पाहिल्या होत्या. त्याचाच परिणाम. व्हिडिओत हे कुठेही नव्हतं. ही माझी स्वतःची पद्धत.
हवा भरायला गॅरेजवर गेलो. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि एका नळीवरच्या क्लिपवरून बोट फिरवत विचारलं, "हे कुणी केलं? हात बसलेला माणूस दिसतोय." ती क्लिप मी पहिल्यांदाच पाहत होतो. म्हटलं, "मीच." पूर्वी कधीतरी बसवली असेन. त्याने मला चहा पाजला. विकायचं नाव काढलं नाही.

१९ मार्च, मंगळवार
चार दिवस झाले, एकदाही "टक्" नाही. चाकही बसत नाही. कासव गेलं. गाडीला माझी सवय झाली.
बायकोला रोज शाळेपर्यंत सोडतो. (गल्लीत वळत नाही. तोंडाशी सोडतो.) आज तिने पडद्याचं बटण दोनदा दाबून पाहिलं आणि हसली. या गाडीत पहिल्यांदाच.
संध्याकाळी कपडे धुवायला टाकताना तिला वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटासा बल्ब सापडला. "बाबा, हे काय?" "असू दे, असू दे," म्हणत त्यांनी काढून घेतला. वय झालं की माणसं काहीही गोळा करतात. बायकोला म्हटलं, लक्ष ठेव. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

२० मार्च, बुधवार
चिरंजीव गाडी बघायला खाली आले. आत बसले, लाकडावरून हात फिरवला. मेंटेनन्स कसा करता, विचारलं. सांगितलं की यंत्र हाताने नाही, कानाने दुरुस्त होतं. डोळे मिटून ऐकायचं. ते म्हणाले, "तुम्ही गाडीला जेवढा वेळ देता ना, कमाल आहे." ऑफिसात आज पहिल्यांदाच कुणी मला कमाल म्हणालं. साहेब म्हणून माणूस तसा वाईट नाही.

२२ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७
गंभीर प्रकार. डिकी झाडताना लक्षात आलं, आतल्या दिव्याचा बल्ब गायब! वॉचमनला गाठलं. त्याला काही माहीत नव्हतं, पण चेहरा पडला होता. चोरानेही काय हेरून नेलं! ओरिजिनल माल ओळखणारा माणूस असणार.
खचलो नाही. दुकानात जाऊन नवा बल्ब आणला. टूलकिटमधल्या सात नंबरच्या वस्तूने झाकण उचकटलं आणि बल्ब बसवला. लखलखाट! सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या एकट्याच्या हातचं पहिलं काम. फोटो काढला. घरी कुणाला सांगितलं नाही. सासऱ्यांना एकदम दाखवायचं.

२३ मार्च, शनिवार
शाळेला आणि ऑफिसला सुट्टी. गाडीलाही विश्रांती दिली. वरून दोनदा खिडकीतून पाहिली.

२४ मार्च, रविवार
सकाळी साडेसहाला बायकोने हलवून उठवलं. सासऱ्यांचा डोळा लालभडक, सारखं पाणी येतंय, समोरचं धूसर दिसतंय म्हणाले. खाली जाऊन आले होते म्हणे. हॉस्पिटलला फोन केला तर म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन या.
म्हटलं, घाबरू नका, गाडी आहे.
किल्ली फिरवली. या वेळी "टक्"सुद्धा नाही. डॅशबोर्ड काळाठिक्कर. शेजारी धावत खाली आले, म्हणाले माझ्या गाडीतून चला. पण त्यांची गाडी आमच्या मागे, आणि बाहेर पडायची वाट आमच्यासमोरून. ढकलायला गेलो. बॅटरी मेली की या गाडीचा गिअर हलत नाही, हे तेव्हा कळलं. चार माणसं लागली. गाडी तसूभर सरकली नाही.
बायको म्हणाली, "राहू द्या ती. बाबांचा हात धरा."
कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. त्यांचा हात मी आजवर कधी धरला नव्हता. लाकडासारखा टणक. रेषांमधून जुनं ऑइल बसलेलं. फुटपाथची पायरी आली की ते माझी बोटं घट्ट धरायचे. पहिली टॅक्सी थांबली नाही. दुसरी थांबली.

तोच दिवस, दुपारी. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये
इन्फेक्शन आहे. वेळेत आणलंत, डोळा वाचेल, असं डॉक्टर म्हणाल्या. एवढं आधी लिहितो.
मग त्यांनी विचारलं, "आजोबा, धुळीत वाकला होतात का?"
"हो," सासरे म्हणाले.
"कधी?"
"रोज."
बायकोने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.
सासऱ्यांनी सगळं सांगून टाकलं. क्लिप त्यांनी लावली. चाकावरच्या सस्पेन्शनला हवा पोचवणारी चिरलेली नळी त्यांनी बांधली. आणि डिकी बंद केली तरी आतला दिवा विझत नव्हता. एका पहाटे डिकी उघडली तर बल्ब हाताला चटका बसेल इतका गरम. तोच बसल्या जागी बॅटरी खात होता. म्हणून काढून खिशात ठेवला. आज पहाटे फक्त चाकाची नळी बघायला वाकले, तेव्हा माती डोळ्यात गेली.
"पण बाबा, कशाला?" बायकोचा आवाज चढला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?"
"तुला दोन बस बदलाव्या लागत होत्या," ते म्हणाले.
मग त्यांनाच प्रश्न पडला. "पण जावईबापू, बल्ब तर मी काढला होता. मग बॅटरी कशी उतरली?"
खोटं बोलायला तीन-चार गोष्टी सुचल्या. एकही बोललो नाही. म्हटलं, "मामा, मी नवा बसवला."
त्यांचे खांदे हलायला लागले. डॉक्टर म्हणाल्या, आजोबा, हसू नका, डोळ्यावर ताण येतो. त्यांना आवरेना.

२५ मार्च, सोमवार
बल्ब काढला. बायकोबरोबर बसने गेलो. पहिली बस, मग दुसरी. उभं राहून. ही रोज कशी जात होती, कोण जाणे.
संध्याकाळी वॉचमनला सॉरी म्हणालो.

३१ मार्च, रविवार
डोळ्याचं इन्फेक्शन उतारावर आहे. आणखी चार आठवडे सक्त विश्रांती.
गाडी विकायची ठरवलं. जाहिरात लिहिली: "एकाच जाणकार हाताने सांभाळलेली." बायको वाचून म्हणाली, हात कुणाचा ते लिहा. खोडलं. सासरे खिडकीजवळ बसल्या बसल्या म्हणाले, "इंजिन चांगलं आहे हो. विकू नका. मला बरं वाटू द्या."
जाहिरात तूर्त स्थगित.

१६ एप्रिल, मंगळवार
चिरंजीवांनी गाडीची चौकशी केली. म्हटलं, सासऱ्यांना हाताखाली घेतलंय, त्यांचं मन रमतं. यात तसं खोटं काही नाही. नंतर जिन्यात एकटाच उभा राहिलो आणि परत वर गेलो. खरं काय ते सांगितलं, बल्बसकट. ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, त्यांच्या गाडीतूनही आवाज येतोय. सासरे बरे झाले की दाखवता येईल का?
मला कुणी विचारलं नाही.

२८ एप्रिल, रविवार. सकाळी ७
डॉक्टरांनी काल परवानगी दिली. मात्र वाकायचं नाही, फक्त बसून सांगायचं.
साडेपाचला स्वतःहून उठलो. खाली गेलो तर दोघं आधीच हजर. सासरे स्टुलावर. बायकोच्या हातात पाना, ओढणी कमरेला खोचलेली. शाळेत असताना सुट्टीत ती वडिलांबरोबर डेपोत जायची म्हणे. एकोणीस वर्षांच्या संसारात हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं.
सासरे डोळे मिटून सांगत होते, ती करत होती. "डावीकडे. अजून. आता हात थांबव." मी टूलकिट उघडून तयार उभा. म्हटलं, अवघड कामाला मला बोलावतील.
बोलावलं. बायकोने वर न बघताच माझ्या हातात टॉर्च दिला. म्हटलं ठीक आहे, उजेड देणं हेही एक तंत्र आहे. दोन्ही हातांनी टॉर्च धरला, शेजाऱ्यांच्या खिडकीकडे एकदा पाहिलं. कुणी बघतंय का, एवढंच.
सासरे म्हणाले, "जावईबापू, उजेड इंजिनावर. तुमच्या तोंडावर नको."