शेवटचा लांब केसांचा राजा

३ सप्टेंबर
आज अक्षर धड येत नाही. सकाळी फिरून आलो, दाराशी चपला काढल्या, आत गेलो, नळाखाली ग्लास धरला, पाणी प्यायलो आणि सोफ्यावर टेकलो. जिन्यावरून एक गोरी बाई उतरली आणि किंचाळली. घर आपलं नव्हतं! मागच्या गल्लीतलं. अमेरिकेतल्या या शॉमबर्गमधली सगळी घरं एकाच साच्यातली, तोच राखाडी रंग, तेच दार. बाईने पोलीस बोलावले. पोलीस आला तेव्हा त्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता. मला आधी तो हातच दिसला. निनाद ऑफिसातून धावत आला, सगळ्यांची माफी मागितली. गाडीत एवढंच म्हणाला, "बाबा, गोळी घातली असती कोणी."
नागपूरच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. सनावळ्या अजून पाठ. आणि स्वतःच्या मुलाचं घर चुकलो.

७ सप्टेंबर
काल इथल्या मराठी मंडळाचा गणपती. मी ज्येष्ठ, म्हणून नेहमीप्रमाणे खुर्ची, शाल, नारळ. जाताना निनादने पढवलं, "बाबा, थँक यू म्हणा, मुलांना आशीर्वाद द्या, बस. इतिहास नको." तेवढंच बोललो. टाळ्या पडल्या.
आज नातीचं, ईशाचं कॉलेजचं पुस्तक चाळलं. फ्रँक लोकांचे राजे. लांब केस ही राजेपणाची खूण, पण कारभार सगळा राजवाड्याच्या कारभाऱ्याकडे. राजाला वर्षातून एकदा बैलगाडीत बसवून सभेला आणायचे, शिकवलेलं बोलायला लावायचे आणि परत न्यायचे.
पुढचं पान उलटवेना.

१० सप्टेंबर
ईशाला म्हटलं, आपल्याकडे वेगळं काय झालं? छत्रपती साताऱ्यात, कारभार पुण्यात पेशव्यांकडे. "सो, ओनर घरी आणि सीईओ रन्स एव्हरीथिंग?" हो बाई, तसंच. आणि सत्ता एकदम कोणी घेत नाही. तुम्हाला दगदग नको, म्हणून घेतात.
माझी गाडीची किल्ली गेली, कारण डोळे. शेगडी गेली, कारण दूध करपलं. फोनवर अनोळखी माणसाशी तासभर बोललो, तर फोनही निनाद बघू लागला. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. त्याचीच तर भीती वाटते. आज दाराला नवं कुलूप बसलं, आतूनही नंबर दाबावा लागतो. नंबर मला सांगितलेला नाही. मीही विचारला नाही. विचारलं आणि नाही म्हणाला तर?

१४ सप्टेंबर
ईशाच्या पुस्तकातल्या कारभाऱ्याने पोपकडे माणसं धाडून विचारलं, राजा कोणाला म्हणावं, ज्याच्याकडे नाव आहे त्याला, की ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला? पोपचे शत्रू उंबरठ्यावर आलेले, त्यालाच दांडग्या मित्राची गरज. उत्तर काय येणार हे शेंबडं पोरही सांगेल. कारभारी राजा झाला. जुन्या राजाचे केस कापून त्याला मठात पाठवलं.
"अँड देन ही जस्ट डिसअपिअर्ड. दॅट्स सो डार्क, आजोबा."
रात्री जेवताना निनाद सहज म्हणावं तसं म्हणाला, "पंचवीसला डॉक्टरकडे जायचंय. मेमरीची छोटीशी टेस्ट." सूनबाईंनी, मुक्ताने, वाढताना मान वर केली नाही.

१८ सप्टेंबर
औषध घेतलं. ब्लड प्रेशर वाढलंय.
मुक्ता ट्रिमर घेऊन आली. केस मानेवर रुळतायत हे खरं. "बाबा, डॉक्टरकडे जायचंय ना, जरा नीटनेटकं करून देते." खांद्यावर टॉवेल टाकला, मशीन गुरगुरलं आणि मी उठून बाथरूममध्ये शिरलो, आतून लॉक केलं. चक्क सुनेला घाबरून! ती बाहेरून, "अहो बाबा, माझं काही चुकलं का?" आवाज रडवेला. काय सांगू तिला? कुठला कोण राजा, आणि घाम मला.
केस राहिले. तिने दोन वेळा चहा विचारला.

२१ सप्टेंबर
एक गोष्ट आधीच लक्षात यायला हवी होती, मास्तर! राजा निकामी, बैलगाडीतला, हे सगळं लिहिलं कोणी? कारभाऱ्याच्या घराण्याच्या माणसांनी, गादी मिळाल्यावर. राजाच्या बाजूचं कोणी लिहिलेलं नाही. तो ठणठणीत असेलही.
किंवा खरंच घरं चुकत असेल.
आज ईशाला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली. तिने दुरुस्त केलं नाही, नुसती "ओ" म्हणाली. ते फार लागलं.

२५ सप्टेंबर
डॉक्टरबाई म्हणाल्या, कागदावर घड्याळाचं चित्र काढा. काढलं. काटे कुठे ठेवले ते आता आठवत नाही. मग निनादला बाहेर पाठवून मला विचारलं, "डू यू फील सेफ ॲट होम?" इथे सगळ्यांनाच विचारतात म्हणे. म्हणजे या वेळी पोप मलाच विचारत होता. नो म्हटलं असतं तर कारभाऱ्याची धडगत नव्हती. दाराच्या काचेतून निनाद दिसला. माझा कोट मांडीवर घेऊन नखं खात बसला होता, दहावीच्या निकालाला बसायचा तसा. येस म्हणालो. खरं बोललो की खोटं, मलाच कळत नाही.
येताना आपल्या घराचा फाटा आला, गाडी वळली नाही. "पाच मिनिटं, बाबा. नुसतं बघून येतो." वृद्धाश्रमाची बुटकी लांबलचक इमारत. बाहेर बाकावर तीन म्हातारे, कोणी कोणाशी बोलत नाही. मला गाडीत बसवून तो आत गेला. गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय.
आला बाहेर. हातात कागद. गाडीपुढे येऊन उभा राहिलाय, डोळे पुसतोय. त्यालाही भीती वाटते हे मला आज दिसलं. त्याच्या, ड्रायव्हरच्या दाराकडे गेला तर घर. माझ्या दाराकडे वळला तर मठ.