सहा टनांची समान वाटणी

३ जून
रोजनिशी सुरू. कुणाच्या हाती लागू नये म्हणून मोज्यांच्या कप्प्यात.
ऑफिसात नवं डिझाइन. छत आणि फरशी यांच्यात घट्ट बसवलेली उभी पोलादी सळई. वरून एक तृतीयांश अंतरावर सहा टन वजन. हे जमलं की सिनियरची जागा माझीच.
हिशोब जेवणाआधी संपला. आधार दोन, वजन सहा. तीन वर, तीन खाली. निसर्ग न्यायी असतो.

४ जून
नवीन आलेली इंजिनियर, माझ्या मनातली 'चष्मेवाली', कागदात डोकावली. म्हणाली, दादा, असं निम्मं-निम्मं होत नाही, वर जास्त येतं. सुपरपोझिशन लावा, एकेका बळाचा परिणाम वेगळा काढून बेरीज करायची. मी दाखवू का?
एवढा गोडवा फुकट कोण वाटतं? बरोबर उत्तर चुकवायचा डाव. ड्रॉवरला कुलूप.

५ जून
चष्मेवाली साहेबांच्या केबिनमध्ये. दार बंद! बाहेर येताना माझ्याकडे बघून हसली. कुठेतरी पाणी मुरतंय.
बायको म्हणते, अहो, एकदा तिचं ऐकून तर बघा. हिला कुणी फितवलं?

६ जून
सुपरपोझिशन स्वतःच वाचायचं ठरवलं. पहिलंच वाक्य: एक आधार काढून टाकला आहे असे समजा. चालू इमारतीत आधार काढायचा! पुस्तक मिटलं.

९ जून
ड्रॉइंग वर्कशॉपला पाठवलं. चष्मेवाली आडवी आली, निदान वरचे बोल्ट तरी वाढवा म्हणाली. मी म्हणालो, तुम्ही तुमचं बघा. आवाज चढला. सगळं ऑफिस गप्प. दरारा म्हणतात तो हाच.

२० जून
चाचणी. नेहमीप्रमाणे वजन थोडं जास्तीचं. वरचे बोल्ट तुटले, सगळा भार खालच्या भागावर आला, सळई धनुष्यासारखी वाकली. इजा कुणाला नाही. फिटर आधीच लांब उभे होते. कुणी सांगितलं, विचारलं. चष्मेवालीने.
म्हणजे हिला आधीपासून माहीत होतं!

२१ जून
बोल्टवाल्यावर ढकलायचं ठरवून साहेबांकडे गेलो. तेच आधी बोलले. म्हणाले, पाच तारखेला ती मला सांगायला आली होती, सिनियरची जागा दादांनाच द्या, अनुभव त्यांचा. आता कशी देऊ?
बोल्टवाला घशातच राहिला.

२३ जून
आपणहून तिच्या टेबलाशी गेलो. तिने स्टूल ओढून दिलं.
आधी खाली फरशी नाहीच असं धरायचं. सहा टनांनी सळईचा फक्त वरचा तिसरा हिस्सा ताणला जातो, टोक खाली येतं. मग वजन विसरून फरशीचा नुसता वरचा रेटा लावायचा. तो अख्खी, म्हणजे तिप्पट लांबीची सळई दाबतो, म्हणून टोक जागेवर आणायला तिसरा हिस्साच बळ पुरतं: दोन टन. उरलेले चार वर.
मी म्हणालो, सोपं आहे की. ती म्हणाली, सोपंच आहे, दादा.

१ जुलै
सिनियरच्या केबिनवर नवी पाटी. तिच्या नावाची.
पुढचं काम घेऊन गेलो. या वेळी सुपरपोझिशन, सुवाच्य अक्षरात. बसा म्हणाली. बसलो. तिने कागद वरून खाली वाचला, मान हलवली आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.
पहिल्याच ओळीत बेरीज चुकली होती.