शालूचा दहावा

मिशन दवाखाना, नर्सेस क्वार्टर
१८ मार्च १९७४

तीर्थरूप दादास,
शालूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

काल हट्टा गावची रुख्मिणीमावशी रडत दवाखान्यात आली आणि शालूला कुठं जाळलं म्हणून मलाच विचारू लागली. मी तोंडावरचं फडकं काढलं तशी मटकन खाली बसली. तिच्याजवळ तुझं कोपरा फाडलेलं कार्ड होतं. असं कार्ड वाचून लगेच फाडतात, मावशीनं मात्र जपून आणलं. मी कॉलऱ्यानं वारले, असं तुझ्या वळणदार अक्षरात लिहिलंय.

दादा, मिशननं वाटलेल्या दुधाच्या पावडरीवर मी बाटले नाही. मॅट्रनबाईच म्हणाल्या होत्या, बाप्तिस्म्याला वर्षभर थांब. थांबले. दुष्काळात वॉर्डात माणसं मरताना ज्याच्याशी मी मनात बोलत होते, तो येशू आता माझ्याच्यानं सोडवत नाही. चौदा एप्रिलला, ईस्टरला, बाप्तिस्मा घेणार. आई नको म्हणाली तरी घेईन, पण तिचा होकार मिळावा असं फार वाटतं. मी जिवंत आहे, एवढं तिला सांग.

लोभ आहे, तो तरी मारू नकोस.
तुझी शालू


पुसेगाव
२६ मार्च १९७४

कै. शालूस,
मेलेल्याला आशीर्वाद लिहीत नाहीत.

सगळं रीतसर केलं. दवाखान्यानं तुला परस्पर जाळलं असं आईला सांगितलं, आणि इथं दर्भाची शालू करून जाळली. दहाव्याला मात्र कावळा पिंडाला शिवेना. मी तुझ्या राहिलेल्या लग्नाचं बोललो, तुझ्या भाच्यांचं बोललो, कावळा ढिम्म. शेवटी आई पुढं झाली. पोरी, तुझ्या मनात जे आसंल ते होऊ दे, मी आडवी येत न्हाई, असं म्हणाली आणि कावळा झडपच घालून गेला. कावळ्यालाही पटलं, तू मेलीस.

अजून वेळ आहे. ईस्टरच्या आत परत ये. दवाखान्यानं दुसऱ्याच पोरीचं नाव कळवलं होतं, असं आईला सांगेन. तिला लेक मिळेल. मावशीला मी गप्प केलंय.

किसनराव


मिशन दवाखाना
१५ एप्रिल १९७४

तीर्थरूप दादास नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी रडले आणि हसलेही. मला हवा होता तो होकार आईनं घाटावर दिला, आणि तो तूच मला कळवलास. काल बाप्तिस्मा झाला. येत्या रविवारी घरी येते. मारायचं तर मार, पण आईच्या पाया पडणार.

तुझी शालू


पुसेगाव
२३ एप्रिल १९७४

शालू,

परवा तू दारात असताना मी ओसरीवरच होतो. आईनं तुला पाहिलं आणि आतून कडी लावली. पोरी, आता काय राह्यलं, मी वचन दिलं ना, माघारी जा, असं ती म्हणत होती, ते तू ऐकलंसच. मी जिवंत आहे, असं म्हणत तू दार बडवलंस. भूत असंच म्हणतं, हे मीच तिला खिडकीतून सांगितलं.

तिला वाटतं, तिच्या वचनात काही खोट राहिली. आता रोज सकाळी ती भाताचा गोळा उंबऱ्याबाहेर ठेवते आणि तुझी माफी मागते. कावळा शिवेपर्यंत पाणीही घेत नाही.

आता खरं सांगायला गेलो तर माझ्यावरही विश्वास ठेवत नाही. दोनदा सांगून पाहिलं.

लोभाचं काय लिहू.
किसनराव